करंजहोळची दोनशे बारा झाडं

बुधवार, ११ मार्च १९३६. सकाळी पावणेनऊ वाजता करंजहोळच्या रानात पहिल्या झाडावर कुऱ्हाड चालली, आणि घाव वीतभर आत गेल्यावर खोडातून पाणी आलं.

मडक्याला भोक पडावं तशी बारीक धार लागली. लाकूडतोड्यांचा मुकादम भरमू याच्या पायावर ती पडली. त्याने कुऱ्हाड खाली टेकवली, ओंजळ धरली, चव घेतली आणि मागे वळून तालुका बोर्डाच्या जंगल दरोग्याकडे पाहिलं.

"साहेब, मत्ती हाय ही. जिती हाय."

बोर्डाच्या कागदात ज्या झाडाला ऐन म्हणत, त्याला इथली माणसं कानडी नावाने मत्ती म्हणत. दरोगा धरणेंद्र दहा हातांवर वही घेऊन उभा होता. वहीत अनुक्रमांक एक, जात ऐन, शेरा 'वाळलेलं'. ही नोंद त्याच्याच अक्षरातली होती. फेब्रुवारीत त्याने स्वतः या झाडाच्या बुंध्याच्या जाड सालीचा वरचा थर तासून त्यावर बोर्डाच्या छापाचा हातोडा मारला होता. अशी दोनशे बारा झाडं. ती पाडून जळण म्हणून आसपासच्या पाच गावांना वाटायची होती.

वीस-बावीस माणसं हातातलं काम थांबवून बघत होती. 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द त्याच्या तोंडापर्यंत आलाही होता.

"वरनं वाळलंय," तो म्हणाला. "मुळातलं पाणी ऱ्हातंय कधी कधी. चालू द्या."

"मुळातलं?" भरमूने विचारलं.

"व्हय."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमचा म्हातारा बी वरनं वाळलाय, पर सांजच्याला शिंदीच्या दुकानाची वाट बराबर घावतीया त्येला. तोडायचा काय, साहेब?"

माणसं हसली. धरणेंद्रही हसला. ते स्वतःचं हसणं त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

"तुमी म्हणाल तसं," भरमू म्हणाला आणि त्याने कुऱ्हाड उचलली.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून त्रेसष्ट झाडं पडली. पाणी काही थोड्यांतूनच आलं. बाकीच्यांतून आलं नाही, पण ढलप्या ओल्या होत्या आणि हाताला चिकटत होत्या. धरणेंद्रने एक ढलपी उचलून पाहिली आणि कुणी बघतंय का ते पाहून खाली टाकली. तिसऱ्या दिवशी सकाळी रानात कुणीच आलं नाही. दहाच्या सुमारास भरमूचा निरोप आला : हिरवी झाडं आमी तोडत न्हाय, उद्या सरकारात सापडलो तर आमचं नाव हुईल.

धरणेंद्र एकटाच रानात तासभर बसून होता. मग तो वही बगलेत धरून बेळगावच्या वाटेला लागला.

तो मूळचा बोरगावचा. घरची तंबाखूची शेती, आणि निपाणीच्या एका वखारीत अकरा वर्षं तो पारखी होता. डोळे मिटून पान अंगठा आणि तर्जनीत घेतलं की ते काळ्या रानातलं की तांबड्या, किती दिवस वाळवलेलं, रात्रीच्या दवात ठेवलं होतं की नाही, हे तो सांगे. व्यापारी त्याला भावासारखं मानत. पण तंबाखूच्या धुळीने छातीत खोकला बसला. वैद्याने सांगितलं, मोकळ्या हवेतलं काम बघा. त्याच सुमाराला, १९३२ साली, तालुक्याच्या बोर्डाला दरोगा हवा होता.

सरकारी जंगलाच्या हद्दीबाहेर उरलेलं करंजहोळचं सहाशे एकर रान वीसेक वर्षांपासून बोर्डाकडे होतं. रस्त्याचा मेस्त्रीच कागदोपत्री ते सांभाळी. वरून ताशेरा आला की रानासाठी जाणता माणूस नेमा. बोर्डाने जंगलाचं शिक्षण घेतलेला माणूस हवा म्हणून दोनदा जाहिरात दिली. दोन्ही वेळा एकही अर्ज आला नाही. शिकलेली माणसं थेट सरकारी खात्यात जात, बोर्डाकडे कोण येणार? तिसऱ्या जाहिरातीत शिक्षणाची अट गाळली आणि तिच्या जागी 'मराठी सातवी, कानडी लिहिता-वाचता येणारा, चालण्यास सशक्त' असं घातलं.

मुलाखत टिळकवाडीत, बोर्डाचे अध्यक्ष असलेल्या वकिलांच्या बंगल्यावर झाली. "झाडांचं काय ठाऊक आहे?" असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा धरणेंद्रची शिफारस करणारा एक मेंबर त्याच्याऐवजी बोलला : "वकीलसाहेब, हा निपाणीचा पारखी. पान डोळे मिटून ओळखतो. झाडाला तरी दुसरं काय असतं?"

सगळे हसले आणि नेमणूक झाली. धरणेंद्रला त्या दिवशी तो विनोद वाटलाच नाही. त्याला ते पटलं होतं.

घरी त्याच्या बायकोने, चंपाबाईने, एकच गोष्ट विचारली होती. "झाडं तोडायची नोकरी म्हणं?"

"मेलेलीच तोडायची. जिती राखायची."

"बघा हां. नक्की ना?"

"नक्की."

तेवढ्या बोलीवर तिने सामान बांधलं.

रान प्रत्यक्ष बघणारा माणूस वेगळाच होता. मष्णू, करंजहोळचाच शेतकरी, बोर्डाचा राखणदार. एकोणीस वर्षं छापाचा हातोडा त्याच्या ताब्यात होता. अंगठाबहाद्दर. धरणेंद्रपेक्षा वीस-बावीस वर्षांनी मोठा, म्हणून रानात धरणेंद्र त्याला आप्पा म्हणे, आणि तो धरणेंद्रला साहेब.

मष्णूची एक ठरलेली रीत होती. श्रावण लागला की तो हातोडा घेऊन रानात शिरे. पावसात जे जितं आहे त्याला पान असतं. त्या हिरव्या गर्दीत जे उघडंच उभं राहतं ते मेलेलं. त्याचा बुंधा तासायचा, छाप मारायचा, पुढे जायचं. तोडायचं मात्र शिमग्यानंतर, वाटा वाळल्यावर. पहिले तीन पावसाळे धरणेंद्र वही घेऊन त्याच्या मागे हिंडला. जळवा पायाला लागत. पण जळवांचं त्याला एवढं काही नव्हतं. चातुर्मासात त्याच्या जैन घरी हिरवी भाजीसुद्धा वर्ज्य, वाटेवरचं गवत चुकवून चालायची लहानपणापासूनची सवय; आणि तो दिवसभर ओलं हिरवं रान, त्यातले किडे, गोगलगायी तुडवत जाई. संध्याकाळी पाय धुतले तरी जेवण जात नसे. चंपाबाई पाण्याची घागर दाराबाहेर ठेवी आणि तो पाय धुऊन आत येईपर्यंत दुसरीकडे बघे.

तिसऱ्या वर्षीच्या अहवालात त्याने एक सुधारणा सुचवली. खुणा घालण्याचं काम पावसाळ्याऐवजी फेब्रुवारीत करावं : वाट खुली असते, नजर लांबवर जाते, काम निम्म्या दिवसांत होतं. चातुर्मासाचा त्यात उल्लेख नव्हता. बोर्डाने 'सूचना उपयुक्त' असा शेरा मारून ती मान्य केली. त्याला धन्यता वाटली. रानाविषयी त्याने स्वतःच्या डोक्याने केलेलं ते पहिलंच काम होतं.

मष्णूला त्याने नंतर सांगितलं.

"फेब्रुवारीत?" मष्णू म्हणाला. "वळखणार कसं, साहेब?"

"बघून."

"काय बघून?"

"साल फुटलेली आसती, शेंड्याची काटकी मोडती. मेलेलं काय कळत न्हाय व्हय, आप्पा?"

"मला न्हाय कळत," मष्णू म्हणाला. "तुमास्नी कळत आसंल तर बरंच हाय की."

त्यात टोमणा होता की नाही हे धरणेंद्रला ठरवता आलं नाही, आणि म्हणूनच ते त्याच्या मनात राहून गेलं.

मग १९३५ च्या मेअखेरीस बोर्डाचे मेंबर रान बघायला आले. वळवाची एक सर होऊन गेली होती, पण बऱ्याच झाडांना अजून पान नव्हतं. अध्यक्षांनी काठीने एक झाड दाखवलं. "काय हो दरोगा, हे कोणतं?"

धरणेंद्रने सवयीने वर पाहिलं. वर नुसत्या काटक्या. मागे उभ्या असलेल्या मष्णूने खोडावरून तळवा फिरवला आणि ओठांतल्या ओठांत सांगितलं, "नाणा."

"नाणा," धरणेंद्र म्हणाला.

"आणि ते?"

पुन्हा मागून आवाज. "किंजळ."

"किंजळ, साहेब."

तिसऱ्या झाडाला अध्यक्षांनी काठी उचललीच नाही. मागे वळून ते म्हणाले, "अहो, यातला दरोगा नेमका कोणता? पुढचा की मागचा?"

मेंबर पोट धरून हसले. मष्णू खाली बघत राहिला. ती सगळी वाट धरणेंद्रच्या कानशिलांत रक्त ठणकत होतं. गंमत अशी की मष्णूवर रागावण्यासारखं मष्णूने काहीच केलं नव्हतं, आणि तरी राग होता तो त्याच्यावरच.

जूनमध्ये बोर्डाचं पत्र आलं : निरक्षर नोकरांना दैनंदिनी लिहिता येत नाही, आपल्या हाताखालील अशा नोकराची आवश्यकता आहे किंवा कसे, कळवावे. धरणेंद्रने ते दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी लिहिलं : 'सदर इसम निरक्षर असून त्यास रानाचे शास्त्रीय ज्ञान नाही. सेवेची आवश्यकता नाही.'

जुलैअखेर मष्णू हातोडा फडक्यात गुंडाळून बेळगावला घेऊन आला. त्याने तो कचेरीत हेडकारकुनाच्या टेबलावर ठेवला.

"माझं काय चुकलं, साहेब?"

"बोर्डाचा ठराव हाय, आप्पा. माझ्या हातात काय हाय?"

"व्हय. तुमच्या हातात काय आसणार," मष्णू म्हणाला आणि गेला. हातोडा परत मिळाल्याची पोच धरणेंद्रने दिली नाही. मष्णूने मागितली नाही. कागद घेऊन तो करणार काय होता?

त्या श्रावणात करंजहोळच्या रानात कुणीच शिरलं नाही. फेब्रुवारीत धरणेंद्र एकटा शिरला आणि नऊ दिवसांत दोनशे बारा झाडांवर छाप मारून बाहेर आला. ऐनाची साल बाराही महिने मगरीच्या पाठीसारखी फुटलेली असते. नाण्याचं खोड पांढुरकं, बघणाऱ्याला हाडासारखं दिसतं. आणि काटकी तर फेब्रुवारीत जित्या झाडाचीही मोडते.

वीस मार्चला बोर्डाच्या विनंतीवरून सरकारी जंगल खात्याचा एक फॉरेस्टर येऊन रान बघून गेला. त्याने पडलेल्या खोडांवर चाकूचं टोक ओढलं. सालीखाली हिरवं निघालं. त्याचा अहवाल सात ओळींचा होता : पाडलेली झाडं त्रेसष्ट, पैकी जिवंत एक्कावन्न, छाप मारणाऱ्यास झाडांची ओळख नाही.

तेवीस तारखेला धरणेंद्रच्या हातात खुलाशाचं पत्र पडलं. छाप कोणी मारले, हातोडा कोणाच्या ताब्यात होता, हे लेखी कळवावं. चौकशी सात एप्रिलला.

बोर्डाचा हेडकारकून आण्णाप्पा चिकोडीकडचा, धरणेंद्रचा हितचिंतक. त्याने दुपारी त्याला खुर्ची दिली आणि कचेरीच्या सामानाचं रजिस्टर उघडून समोर सरकवलं.

"वाचा."

धरणेंद्रने वाचलं. छापाचा हातोडा, नग एक. ताबा : मष्णू, राखणदार, करंजहोळ. पुढचा परत केल्याचा रकाना कोरा होता.

"तारीख न्हाय, सही न्हाय," आण्णाप्पा म्हणाला. "कागदावर हातोडा आजबी म्हाताऱ्याकडंच हाय. काढून टाकल्याचा राग मनात धरून छाप मारला आसंल त्यानं. तुमी फक्त यादी केली."

"त्यानं हातोडा दिला मला. हितंच, ह्या टेबलावर."

"कुणी बघितलं?"

"तुमीच हुता की."

"मला कुठं आठवतंय?" आण्णाप्पाने रजिस्टर मिटलं. "होगली बिडरी, जाऊ द्या. म्हाताऱ्याचं काय जाणार हाय? नोकरी तर गेलीच हाय त्याची. तुमचं मात्र समदं जाईल."

"आणि खटला केला त्याच्यावर तर?"

आण्णाप्पाने चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा घातला.

त्या संध्याकाळी धरणेंद्रने एक पोच लिहिली. हातोडा नग एक, जुलै १९३५ मध्ये मष्णूकडून परत मिळाला, सही धरणेंद्र. ती अंगरख्याच्या खिशात घालून तो दुसऱ्या दिवशी खानापूरच्या मोटारीत बसला. मच्छे मागे पडलं तेव्हा त्याने पहिला शब्द जुळवला, आणि फाट्यावर उतरेपर्यंत सगळं बोलणं पाठ झालं : आप्पा, चूक माझी हाय. हा कागद जपून ठेवा. कुणी इचारलं तर दाखवा. फाट्यापासून करंजहोळ चार मैल. ते चार मैल तो तेच घोकत गेला.

मष्णूची बायको मालुबाई अंगणात शेणाने सारवत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण उठली नाही.

"या. झाडं संपली व्हय बोर्डाची? आता माणसं मोजाय आलासा?"

"आप्पा हायत?"

"आप्पा!" ती म्हणाली. "आता आप्पा व्हय. हाय की तुमचा आप्पा. परसात बसलाय. तुमची ती झाडांची मढी बघून आल्यापास्नं न्हाय धड जेवला, न्हाय धड बोलला."

"गप गं," मागून मष्णूचा आवाज आला. "पाणी दे त्यास्नी."

पाणी दिलं. धरणेंद्रने ते प्यायलं आणि हात खिशाकडे नेला. तेवढ्यात मष्णूने विचारलं, "झऱ्यावरचा जोडनाणा बी पाडला?"

"व्हय."

मष्णूने कोयता घेतला आणि पायात वहाणा घातल्या. "चला. ऱ्हायलेली बघू. किती हायत?"

"एकशे एकोणपन्नास."

"चला तर."

ते दोघं दोन दिवस रानात हिंडले, पूर्वीसारखेच, मष्णू पुढे आणि धरणेंद्र वही घेऊन मागे. छापाच्या प्रत्येक झाडापाशी मष्णू थांबे, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर कोयत्याच्या टोकाने नखाएवढी साल खरवडे आणि बाजूला होई. हिरवं दिसलं की धरणेंद्र वहीत फुली मारी. मष्णूने एकदाही त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. एकदा मात्र एका खरवडीवर बोट ठेवून तो म्हणाला, "इकडं या. बोट लावा."

धरणेंद्रने लावलं. गारवा लागला आणि बोट ओलं झालं.

"बघायचं न्हाय," मष्णू म्हणाला. "लावायचं. तंबाखूचं पान तुमी बघून वळखत हुता काय?"

"न्हाय."

"मग?"

अकरा वर्षं धरणेंद्रने डोळे मिटून काम केलं होतं, आणि चार वर्षांत एकदाही एका झाडाच्या सालीखाली बोट लावून पाहिलं नव्हतं. लाज वाटायला रान एवढं मोठं होतं, पण ती वाटली या एका बोटाएवढ्या जागेत. हिशेब त्याने दुसऱ्या दुपारी पूर्ण केला. एकशे एकोणपन्नासांत मेलेली निघाली सतरा. एकशे बत्तीस झाडं वाचवता येणार होती, फक्त त्याने वही बोर्डापुढे ठेवायला हवी होती.

परत अंगणात आल्यावर मालुबाईने भाकरी वाढली. जेवताना तिनेच विषय काढला.

"तालुक्याचा शिपाई आलता परवा. सात तारखेला बोलीवलंय ह्यास्नी बेळगावला. कशापायी वो?"

खिशातला कागद घामाने मऊ झाला होता. तो देणं म्हणजे तो कशासाठी आहे हे सांगणं, आणि ते सांगणं म्हणजे जूनमध्ये आपण काय लिहिलं तेही सांगणं. मोटारीत पाठ केलेल्या बोलण्यात ते नव्हतं. त्याच्या आता पहिल्यांदा लक्षात आलं की ते त्याने गाळलं होतं.

"साक्षीला," तो म्हणाला. "चौकशी हाय."

"मग हरकत न्हाय," मष्णू म्हणाला. "जे बघितलं ते सांगीन. तुमच्याबद्दल वंगाळ न्हाय बोलणार, साहेब. माणूस चुकतो."

धरणेंद्रने अर्धी भाकरी तशीच ठेवली. कागद खिशातच घेऊन तो अंधार पडायच्या आत फाट्यावर पोचला.

घरी चंपाबाईला सगळं आधीच कळलं होतं. बोरगावचं कुणीतरी बाजारात भेटलं होतं. तिने ताट वाढलं आणि समोर बसली.

"कितीक जिती हुती?"

"एक्कावन्न."

चातुर्मासाला अजून तीन महिने होते, पण त्या दिवसापासून तिने घरात हिरवी भाजी आणली नाही. नुसती डाळ, नुसतं पिठलं. तो काय ते समजला आणि वाढलेलं जेवत राहिला. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी त्याने खुलासा लिहायला घेतला. तीन कागद फाडले. पहिल्यात चातुर्मास होता, तो वाचताना त्याला देवाच्या आडून बोलल्यासारखं वाटलं. दुसऱ्यात अध्यक्षांनी केलेला विनोद होता. तिसऱ्यात 'नजरचुकीने' हा शब्द तीन ठिकाणी आला होता. चौथा कागद लहान होता. छाप मी मारले. हातोडा जुलैपासून माझ्या ताब्यात होता, मी पोच दिली नाही. मला झाडांची ओळख नाही. राखणदार मष्णू यास ती आहे. त्याच्याविषयी मी जूनमध्ये दिलेला शेरा खोटा होता. उरलेल्या झाडांची त्याने केलेली पाहणी सोबत जोडली आहे.

'खोटा' हा शब्द लिहायला त्याला संध्याकाळ लागली.

शनिवारी, चार एप्रिलला, त्याने तो कागद, पोच आणि यादी एकत्र टाचून आण्णाप्पाच्या टेबलावर ठेवली. आण्णाप्पाने उभ्यानेच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

"हे काय लिवलंय?"

"जे झालं ते."

"शेरा खोटा हुता, आसं कुणी लिवतंय काय? वखारीत गेलासा तरी तिथंबी इचारतील, बोर्डानं का काढलं म्हणून." त्याने आवाज खाली आणला. "आणि तुमची शिफारस ज्यांनी केली ते मेंबर? त्यांचं तोंड कुठं ऱ्हाईल?"

आवक नोंदीचा शिक्का त्याच्या उजव्या हाताशी शाईच्या गादीवर पडला होता. एकदा तो कागदावर उमटला की खुलासा बोर्डाचा. त्याने शिक्का उचलला नाही. कागदावर काचेचं वजन ठेवलं.

"मंगळवार सकाळपतोर हितं ठेवतो. इचार करा. शिक्का पडला की माघारी घेता येत न्हाय."

'पाडा आत्ताच,' असं धरणेंद्रने म्हणायचं होतं. तो टेबलाच्या कडेला हात टेकून उभा होता. बाहेर कुणीतरी पट्टेवाल्याला पाणी मागत होतं.

"बरं," तो म्हणाला.

मंगळवारी, सात एप्रिलला, तो साडेदहालाच बोर्डाच्या कचेरीत आला. मष्णू त्याच्याही आधी आला होता. पहाटे करंजहोळहून निघून फाट्यापर्यंत चालत, पुढे एका बैलगाडीतून. व्हरांड्यात भिंतीशी तो जमिनीवर बसला होता, अंगात धुतलेली बंडी, डोक्याला नवा पटका. धरणेंद्र बाकावर बसला. मग त्याला ते बरं वाटेना, म्हणून उठला. आणि उठल्यावर कुठे बसावं ते सुचेना, म्हणून उभाच राहिला.

"बसा की, साहेब."

"असू दे."

दाराशेजारच्या फळीवर बैठकीची विषयपत्रिका चिकटवली होती. चौथा विषय करंजहोळच्या झाडांची चौकशी. पाचवा विषय राखणदाराची रिकामी जागा भरणे. अट : सही करता येणारा. मष्णूने त्याचं लक्ष त्या कागदाकडे गेलेलं पाहिलं.

"काय लिवलंय?"

"तुमच्या जागी माणूस घ्यायचा हाय."

"रानाचा म्हायतीगार?"

"सही करणारा."

मष्णू हसला. खरंच हसला, तोंडाला पटक्याचं टोक लावून. "घ्या म्हणावं. झाडं वाचाय शिकवील त्यो." मग तो गंभीर झाला. "आत काय काय इचारतील? हातोड्याचं काय तर म्हणत हुता शिपाई."

"हातोडा कुणाकडं हुता, आसं इचारतील."

"तुमच्याकडं की. आमी हितंच दिला."

"व्हय."

"मग त्यात काय? तुमी हायसाच की सांगाय."

धरणेंद्रने खिडकीतून आत पाहिलं. आण्णाप्पाचं टेबल तिथून सरळ दिसत होतं. काचेचं वजन जागच्या जागी होतं, त्याखाली कागद. वरच्या कोपऱ्यात, जिथे जांभळा शिक्का पडतो, ती जागा पांढरीच होती. आण्णाप्पा बैठकीचं बाड घेऊन आत जाण्याच्या घाईत होता. त्याची आणि धरणेंद्रची नजर खिडकीतून एकदा भेटली. आण्णाप्पाने भुवया उंचावल्या आणि दोन-तीन क्षण थांबला. धरणेंद्रने मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी हे त्याचं त्यालाच नंतर सांगता आलं नसतं. आण्णाप्पा बाड घेऊन बैठकीच्या खोलीत गेला. कागद टेबलावर राहिला.

साडेअकराला बैठक सुरू झाली. बारा वाजायला पाच मिनिटं कमी असताना पट्टेवाल्याने दारातून पुकारा केला, "मष्णू, करंजहोळ!"

मष्णू उठला, बंडी खाली ओढली, वहाणा दाराबाहेर काढल्या आणि आत गेला. दार लागलं.

धरणेंद्र कारकुनांच्या खोलीत शिरला. वजन उचलून त्याने कागद हातात घेतला. शिक्का शाईच्या गादीवरच होता, पण तो त्याने मारायचा नव्हता, आणि दुसरं कुणी खोलीत नव्हतं. तो कागद तसाच घेऊन बैठकीच्या दारापाशी आला.

पट्टेवाला स्टुलावरून उठला. "आपलं नाव पुकारलंय काय?"

"न्हाय."

"मग थांबाय लागतंय."

"आतल्यांना एक कागद द्यायचा हाय."

"आवक झालाय?"

"न्हाय."

"मग न्हाय घेता येत," पट्टेवाला म्हणाला. आतून अध्यक्षांचा चढलेला आवाज आला, आणि मग मष्णूचा, इतका हळू की शब्द कळेनात. धरणेंद्रने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

बारा वाजून दहा मिनिटांनी तो तिथेच उभा होता; मूठ त्याने फिरवली नव्हती, आणि दार आतूनही कुणी उघडलं नव्हतं.